सात मिनिटं आणि शंभरपानी वही: लिहायला बिचकणाऱ्यांसाठी तीन आठवड्यांचे सराव

लिहावंसं वाटतं पण सुरुवात होत नाही, असं म्हणणाऱ्या बहुतेकांकडे विषय भरपूर असतात. गावची जत्रा, सोडून दिलेली नोकरी, आजोळचं घर, भावाशी धरलेला अबोला. गाडी अडते ती पहिल्या वाक्यापाशी. पेन टेकवलं की आतून शाळेतला दहा गुणांचा निबंध बोलायला लागतो: ‘मानवी जीवनात आठवणींना अनन्यसाधारण महत्त्व आहे.’ हे वाक्य लिहिणाऱ्यालाच पुढे वाचवत नाही. वही मिटते, आणि ‘आपल्याला जमणार नाही’ असा निकाल लागतो.

खालचे सराव या निबंधाला दाराबाहेर ठेवण्यासाठी आहेत. प्रत्येकाचा आकार मुद्दामच लहान आहे, म्हणजे निबंधाला पाय पसरायला जागा मिळत नाही: दहा वस्तूंची यादी, पाच वाक्यं, संवादाच्या सहा ओळी, कवितेची बत्तीस अक्षरं. रोज पंधरा मिनिटं धरली तर सगळं तीन आठवड्यांत होतं. आपण कवी आहोत, कथाकार आहोत की ललितवाले, हे आत्ता ठरवू नका. तीन आठवड्यांनी वही उघडली की ते वहीच सांगेल.

काय काय लागेल

- शंभरपानी, एकेरी रेघांची साधी वही. जाड पुठ्ठ्याची, रेशमी फितीची भेटवस्तू डायरी नको. चांगल्या कागदावर वाईट वाक्य लिहायला हात धजत नाही, आणि सुरुवातीला वाईट वाक्यं ढिगाने लिहायची आहेत.
- सरकन चालणारं बॉलपेन.
- एक पेन्सिल. ती तिसऱ्या आठवड्यापर्यंत उघडायची नाही. खोडरबर तर घेऊच नका.
- वेळ लावायला फोन. लावून झाला की पालथा ठेवायचा.
- भिंतीवरचं कॅलेंडर. दुधाचा हिशेब मांडतो तशी लिहिलेल्या दिवसावर फुली मारायची.

हाताने लिहिणं जमत नसेल आणि फोनवरच लिहिणार असाल, तर कीबोर्डमध्ये मराठी भाषा जोडून घ्या आणि वर दिसणारी सूचनांची पट्टी बंद करा. ती पट्टी सगळ्यांनी आधीच वापरलेले शब्द पुढे करते. ‘मनाला’ लिहिलं की ‘भावणारा’ तयारच असतो. बोलून टाइप करण्याची सोय ज्यांची बोटं अडखळतात त्यांच्यासाठी उत्तम आहे, मात्र विरामचिन्हं नंतर हाताने भरायची तयारी ठेवा. संगणकावर विंडोजच्या सेटिंगमध्ये मराठी भाषा जोडली की इनस्क्रिप्ट कीबोर्ड मिळतो. दोनेक आठवड्यांत बोटं बसतात. बरेच जण ‘वाऱ्यावर’मधल्या ऱ्यापाशी अडतात. तिथे ऱ (शिफ्ट दाबून जे), मग पाय मोडायची कळ (डी), मग य, असं करायचं. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये काहीही लिहू नका. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर तुमची कविता रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडेल. युनिकोडमध्ये, म्हणजे वर सांगितलेल्या फोनच्या किंवा विंडोजच्या मराठी कीबोर्डवर लिहिलेलं सगळीकडे तसंच दिसतं.

इंग्रजी माध्यमात शिकलेल्यांसाठी, किंवा परदेशात वाढून मराठी फक्त घरात बोलणाऱ्यांसाठी एक सवलत आहे. मराठी शब्द आठवत नसेल तिथे इंग्रजी शब्द देवनागरीत लिहा, खाली रेघ मारा आणि पुढे चला. शब्द शोधायला उठलात की सात मिनिटं संपली म्हणून समजा.

१. आधी वेळ बांधा

रोज सात मिनिटं न थांबता लिहायचं, पंधरांतली उरलेली त्या दिवसाच्या सरावाला. पाचमध्ये हात गरम होईपर्यंत गजर वाजतो, आणि वीस म्हटली की ‘आज नको, रविवारी निवांत बसू’ सुरू होतं. सात मिनिटांत साधारण शंभर शब्द होतात, हाताच्या वेगाप्रमाणे कमी-जास्त.

ही सात मिनिटं घड्याळातल्या वेळेला न बांधता रोजच्या एखाद्या कामाला बांधा. सकाळचा चहा झाल्यावर, कुकर लावल्यावर, लोकलमध्ये बसायला जागा मिळाल्यावर. ‘रात्री सगळं आवरून’ हा बेत सहसा चौथ्या दिवशी मोडतो, कारण रात्री सगळं कधीच आवरत नाही.

सात मिनिटांचे नियम चारच:

- पेन थांबवायचं नाही. काही सुचेना झालं तर शेवटचा शब्द पुन्हा पुन्हा लिहायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळी हात कंटाळून पुढे जातो.
- खोडायचं नाही. चुकलं तर तसंच ठेवून बरोबर शब्द पुढे लिहायचा.
- वर जाऊन वाचायचं नाही.
- गजर झाला की थांबायचं, वाक्य अर्धं असलं तरी. अर्धं वाक्य दुसऱ्या दिवशी फार उपयोगी पडतं, कारण कोऱ्या पानापासून सुरुवात करावी लागत नाही.

वहीच्या पहिल्या पानावर बंदी घातलेल्या शब्दांची यादी लिहून ठेवा. निदान ही तरी: अनन्यसाधारण, निसर्गाच्या सान्निध्यात, काळाच्या ओघात, आठवणींचा खजिना, मन भरून आलं, नकळत डोळे पाणावले, धकाधकीच्या जीवनात, एक वेगळंच समाधान. यांत व्याकरणाची चूक काहीच नाही. पण प्रत्येक ठिकाणी तुम्ही पाहिलेली एखादी गोष्ट यायला हवी होती आणि तिच्या जागी हे तयार ठोकळे येऊन बसले आहेत. यादीत पुढे आपापली भर घालत जा.

२. यादी (दिवस १ ते ३)

यादी करायला कोणी घाबरत नाही. वाण्याची यादी, पाहुण्यांची यादी आपण करतच असतो. म्हणून सुरुवात तिथून.

रोज एक यादी, बरोबर दहा नोंदींची. विषय: कपाटाच्या वरच्या फळीवर काय काय आहे, काल संध्याकाळी सहा ते सात कोणते आवाज ऐकले, घरात कोण कोणाला काय नावाने हाक मारतं. पहिल्या विषयाची यादी अशी होऊ शकते:

जुनी सुटकेस. टेबलफॅनचा रिकामा खोका. गणपतीच्या मखराचे तुकडे. आकाशकंदील. पाहुण्यांची गादी. लग्नात मिळालेला, कधीच न उघडलेला डिनर सेट. एकाच पायाचा स्केट. बाबांच्या एक्स-रेचं पाकीट. बंद पडलेल्या भिशीची वही. फासा हरवलेला सापशिडीचा पट.

पहिल्या पाच वस्तू निम्म्या घरांत सापडतील. सहावीपासून हे एका विशिष्ट कुटुंबाचं कपाट व्हायला लागतं. म्हणूनच आकडा दहाचा आहे. सहाव्या-सातव्या नोंदीला ‘आता काही उरलं नाही’ असं वाटतं, आणि नेमक्या तिथेच लोक सोडून देतात. रेटून दहा पुऱ्या करा.

यादी झाली की शेवटच्या चारांपैकी एकीवर खूण करा आणि तिच्याबद्दल तीन वाक्यं लिहा. भिशी का बंद पडली? वही अजून का ठेवली आहे? उत्तर माहीत नसेल तर बनवून लिहा. पहिल्याच दिवशी ही मोकळीक घेतली तर पुढे कथेची भीती निम्मी होते.

नेहमीची चूक म्हणजे वस्तूंच्या यादीत भावना घालणं. ‘आईची माया’, ‘बालपणीचे सोनेरी दिवस’ असलं कपाटावर ठेवता येत नाही. जे हाताने उचलता येतं किंवा कानाने ऐकू येतं तेवढंच लिहा.

३. पाच वाक्यं, विशेषणं बंद (दिवस ४ ते ६)

घरातली एक वस्तू समोर ठेवा. आठवून लिहू नका, खरंच समोर ठेवा. पाच वाक्यं लिहायची. सुंदर, जुना, छान, मोठा, प्रेमळ, सुरेख असं एकही विशेषण वापरायचं नाही. ‘जणू’ आणि ‘सारखा’सुद्धा नाही.

पहिला प्रयत्न बहुधा असा होतो: ‘आजीची जुनी पेटी म्हणजे आठवणींचा अनमोल ठेवाच जणू.’ नियम लावला की हे वाक्य अख्खंच्या अख्खं गळून पडतं. मग नाइलाजाने पेटीकडे बघावं लागतं:

‘पेटीची कडी बसत नाही, म्हणून परकराची नाडी बांधली आहे. झाकण उघडलं की डांबरगोळीचा वास येतो. वर वर्तमानपत्राचा कागद, खाली विम्याच्या पावत्या, त्याखाली दोन नऊवारी. कोपऱ्यात जोडवं आहे, एकच. पेटीला आतून रंग लावलेला नाही, बाहेरून तीन वेळा लावला आहे.’

नाडी, तीन वेळा दिलेला रंग, एकच जोडवं. आजी काटकसरी होती, हे कुठेही लिहिलेलं नाही आणि तरी ते कळतं.

इथे तीन गोष्टी हमखास चुकतात. वस्तू फार भारदस्त निवडली जाते: देव्हारा, तानपुरा, आजोबांचं घड्याळ. अशा वस्तूंबरोबर भावना आधीच चिकटून येतात. उलथणं, चप्पल, रिमोटला लावलेलं रबरबँड घ्या. दुसरं, सगळी वाक्यं डोळ्यांनी दिसणाऱ्या गोष्टींचीच होतात. पाचांतलं एक तरी वासाचं, स्पर्शाचं किंवा आवाजाचं असू द्या. तिसरं, पाचवं वाक्य निष्कर्ष काढतं: ‘अशी ही पेटी आम्हाला खूप काही सांगून जाते.’ ते लिहावंसं वाटलं की चौथ्यावरच थांबा.

४. ऐकलेल्या सहा ओळी (दिवस ७ ते १०)

चार दिवस मुद्दाम दिले आहेत, कारण मराठी लिहिणाऱ्याचा कान इथे तयार होतो. एसटी स्टँड, भाजीबाजार, दवाखान्यातली रांग, सोसायटीचा जिना, कुठेही उभे राहा. दोन माणसांचं बोलणं ऐका आणि घरी येऊन फक्त सहा ओळी लिहा. ‘तो म्हणाला’, ‘ती हसून उत्तरली’ काही नाही.

“कशी दिली मेथी?”
“वीसला जुडी.”
“काल पंधरा होती.”
“काल पाऊस नव्हता, ताई.”
“दोन घेतल्या तर?”
“दोन घेतल्या तर चाळीस.”

भाजीवाला कसा आहे हे शेवटच्या ओळीत आलं. ‘हजरजबाबी’ हा शब्द लागला नाही.

जसं ऐकलं तसं शब्दशः उतरवायचा हट्ट मात्र नको. खऱ्या बोलण्यात ‘म्हणजे’, ‘ते हे’, ‘काय म्हणतात त्याला’ याचा इतका भरणा असतो की कागदावर ते चिकट होतं. वीस ओळी ऐकून सहा निवडायच्या. निवडताना बघा की एकाच्या प्रश्नाला दुसरा सरळ उत्तर देतोय का. जिथे देत नाही, ती ओळ ठेवा. ‘जेवलास का?’ याला ‘उशीर होईल मला’ असं उत्तर आलं की दोघांच्या मधलं काहीतरी कळतं. ‘हो, जेवलो’ने फक्त जेवण कळतं.

बोलीबद्दल: वऱ्हाडातलं माणूस ‘कायले’ म्हणेल, मालवणातलं ‘खंय’. कानावर असलेली बोली बिनधास्त लिहा, तिला पुस्तकी करू नका. पण जी बोली फक्त मालिकांतून ऐकली आहे ती टाळा. ‘आरं’, ‘व्हय जी’ पेरून गाव तयार होत नाही, टिंगल तेवढी होते. आणि एका माणसाच्या तोंडी सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच भाषा ठेवा. एका ओळीत ‘कुठं चाललायस’ आणि पुढच्या ओळीत ‘आपण कोठे निघालात’ असं झालं की वाचणारा दचकतो.

‘केले’ लिहू की ‘केलं’, असा प्रश्न इथे पडतोच. बोलणं दाखवताना ‘असं, केलं, म्हटलं’ असा अनुस्वार द्यायला प्रमाणलेखनाच्या नियमांतच मुभा आहे. निवेदनात काय ठेवायचं ते एकदा ठरवा आणि त्या तुकड्यापुरतं बदलू नका.

५. बत्तीस अक्षरं (दिवस ११ आणि १२)

‘कविता मला जमत नाही’ म्हणणाऱ्यांनीही हे दोन दिवस गाळू नयेत. अष्टाक्षरी म्हणजे एका ओळीत आठ अक्षरं. चार ओळी, दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत यमक. मोजताना काना-मात्रा-वेलांटी धरायची नाही. जोडाक्षर एकच अक्षर. ‘मजल्यावर’ म्हणजे म, ज, ल्या, व, र, अशी पाच. बोटांवर मोजा, बोटं अंगठ्याला टेकवत. जात्यावर, पाळण्याशी म्हणताना ज्यांनी लय धरली त्यांनी कागदावर मोजलं नव्हतं. कानाला सवय झाली की तुम्हालाही मोजावं लागणार नाही.

नळ आला पहाटेस
बादली खडखडली
वरच्या त्या मजल्याची
खिडकीही उघडली

अक्षरं बरोबर आहेत, पण तिसऱ्या ओळीतला ‘त्या’ बघा. त्याला काही काम नाही, आठाची भरती करायला आला आहे. अष्टाक्षरीत हेच बिघडतं: त्या, ते, हो, ना, गं, रे, असे फुकटे शब्द शिरतात. ओळ बदलून बघा:

दुसऱ्या मजल्यावर
खिडकीही उघडली

अक्षरं तीच आठ, शब्द दोन, आणि मजलाही नक्की झाला. बत्तीस अक्षरांत फुकट्याला लपायला जागा नसते, म्हणून गद्य लिहिणाऱ्यांनाही हा सराव उपयोगी आहे.

यमकासाठी उलटी वाक्यरचना करू नका. ‘गेली ती घेऊनी घागर हाती’ असं कोणी बोलत नाही. यमक जुळेना तर सोडा, आठ अक्षरं सांभाळा.

६. दोन चिठ्ठ्या (दिवस १३)

कागदाच्या आठ चिठ्ठ्या करा. त्यांवर असे शब्द लिहा: वळचण, कडोसरी, अडसर, शिंकाळं, पडवी, उलथणं, न्हाणीघर, खुंटी. डोळे मिटून दोन उचला आणि दोन्ही येतील असा ऐंशी शब्दांचा प्रसंग लिहा. अर्थ माहीत नसेल तर आधी घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. अर्थ सांगता सांगता ते एखादी गोष्ट सांगतील, तीही टिपून ठेवा. नाहीतर कोश आहेत. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश (दुसरी आवृत्ती १८५७) आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश (१९३२ पासून खंडाखंडाने निघालेला) हे दोन्ही आंतरजालावर फुकट बघता येतात.

७. न टाकायचं पत्र (दिवस १४ आणि १५)

कोरं पान भीती घालतं त्याचं एक कारण म्हणजे आपण कोणाशी बोलतोय तेच ठाऊक नसतं. पत्रात ते पहिल्या ओळीतच ठरतं. ‘ती. बाबांस’ लिहिलं की आवाज बदलतो. ‘प्रिय मंदे’ लिहिलं की आणखी बदलतो.

दहा मिनिटं लावा. पत्र पाठवायचं नाही. त्यात तीनच गोष्टी हव्यात: एक मागणं, एक तक्रार, आणि त्या माणसाला माहीत नसलेली एक गोष्ट. तिन्ही बारीकसारीक ठेवा. ‘तुम्ही मला कधी समजून घेतलं नाहीत’ ही तक्रार फार मोठी आहे, तिच्यात दोघंही हरवतात. ‘सहलीच्या दिवशी डब्यात पुन्हा कारल्याची भाजी दिली होती’ इथपासून लिहायला घ्या. मोठी तक्रार आपोआप मागून येते.

घरात कोणी वाचेल ही धास्ती असेल तर नावांची आद्याक्षरंसुद्धा लिहू नका. घरचे ती ओळखतातच. गाव आणि नातं बदला: भावाचा मामेभाऊ करा, मिरजेचं मालेगाव करा. पुढे हेच बदल कथेत जसेच्या तसे कामाला येतात.

८. अलक (दिवस १६ आणि १७)

अलक म्हणजे अति लघुकथा. आपण शंभर शब्दांची मर्यादा धरू. पद्धत अशी: आधी न मोजता सात मिनिटं लिहा. दुसऱ्या दिवशी शंभरावर आणा, मग साठावर. शब्द मोजायला कंटाळू नका, कथेचं शिक्षण त्या काटछाटीतच होतं. नमुना:

छत्री दुरुस्तीवाल्यापुढे तिनं काळी छत्री धरली.
“दोन काड्या गेल्यात. चाळीस होतील. नवी दीडशेला मिळते.”
“हीच करा.”
त्यानं मुठीवर कोरलेलं नाव वाचलं. बोलला काही नाही. काड्या बसवल्या, मूठ पुसली, छत्री दोनदा उघडून मिटून बघितली.
तिनं चाळीस रुपये पुढे केले.
“तीस द्या,” तो म्हणाला.

नवखा लेखक इथे आणखी एक ओळ घालतो: ‘कारण ती तिच्या दिवंगत वडिलांची छत्री होती.’ ती ओळ घातली की वाचणाऱ्याला करायला काही उरत नाही. अलकमध्ये दुसरा खड्डा धक्क्याचा. शेवटच्या ओळीत कळतं की बोलणारा मेलेला होता, किंवा ती भिकारीण त्याची आईच होती. असे धक्के भ्रमणध्वनीवर रोज दहा फिरतात. धक्का सुचला की तो बाजूला ठेवून बघा, त्याच्याशिवाय गोष्ट उभी राहते का.

९. पेन्सिल उघडा (दिवस १८ ते २१)

आता मागे वळून वाचायचं. वहीतला कोणताही एक तुकडा निवडा, सर्वांत चांगला असलाच पाहिजे असं नाही, आणि पेन्सिलीने चार फेऱ्या करा. एका दिवशी एकच फेरी.

पहिल्या फेरीत सुरुवातीची दोन वाक्यं खोडून बघा. बहुतेक वेळा ती घसा साफ करायला लिहिलेली असतात आणि तुकडा तिसऱ्यापासून सुरू होतो.

दुसऱ्या फेरीत या शब्दांभोवती गोल करा: खूप, अगदी, फारच, एकदम, अचानक, कुठेतरी, नकळत, जणू. दहापैकी दोन राहू द्या.

तिसऱ्या फेरीत वाक्यांची शेपटं बघा. मराठीत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे भूतकाळात लिहिताना ‘होतं, होता, होती’ची रांग लागते:

‘अंगणात तुळस होती. तिच्याजवळ दगड होता. दगडावर आजोबा बसलेले असायचे. त्यांच्या हातात अडकित्ता असायचा.’

प्रत्येक वाक्य ठीक, पण मोठ्याने वाचलं की हजेरी घेतल्यासारखं वाटतं. उपाय बरेच आहेत: क्रियापद गाळा, दोन वाक्यं ‘ऊन’ प्रत्ययाने (बसून, येऊन) जोडा, ‘होणं-असणं’ काढून खरं काम करणारं क्रियापद आणा, कुठे वर्तमानकाळ वापरा.

‘अंगणात तुळस, तिच्याशेजारी दगड. आजोबा त्यावर बसून सुपारी कातरायचे. अडकित्त्याचा आवाज माजघरापर्यंत यायचा.’

ही फेरी मोठ्याने वाचूनच करा. डोळ्यांना शेपटं दिसत नाहीत, कानाला लगेच खटकतात. घरात लाज वाटत असेल तर फोनवर ध्वनिमुद्रण करून ऐका, किंवा नळ सोडून न्हाणीघरात वाचा. हसू नका, खरंच सोयीचं पडतं.

चौथी फेरी शुद्धलेखनाची, आणि ती शेवटीच. पहिल्या दिवसापासून ऱ्हस्व-दीर्घाच्या धास्तीनं न लिहिणारे पुष्कळ आहेत. मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली चौदा झाले, १९७२ साली त्यांत चारांची भर पडली. अठरापैकी तीन गोष्टी पक्क्या केल्या तरी बऱ्याच चुका जातात. शब्दाच्या शेवटची इ-उ दीर्घ: कवी, गुरू, पाटी (‘आणि’, ‘परंतु’ हे अपवाद). शेवटचं अक्षर अकारान्त असेल तर त्याआधीची इ-उ दीर्घ: मूठ, फूल, वकील. आणि त्याच शब्दाला प्रत्यय लागला की ती ऱ्हस्व: मुठीत, फुलात, वकिलाला. संस्कृतातून जसेच्या तसे आलेले ‘गुण’, ‘परीक्षा’ असे शब्द वेगळे चालतात, ते कोशात बघा.

१०. कोणाला दाखवायचं

पहिला वाचक एकच असावा, आणि तो व्हॉट्सॲपचा गट नसावा. तिथे ‘अप्रतिम!’ आणि फुलांची चित्रं येतात. दोन दिवस बरं वाटतं आणि तिसऱ्या दिवशी कोणी काही म्हटलं नाही की लिहिणं थांबतं. कौतुकानेही लिहिणं बंद पडतं ते असं.

त्या एका वाचकाला ‘कसं वाटलं?’ विचारू नका. उत्तर ‘छान’च येणार. हे तीन प्रश्न विचारा: कुठे कंटाळा आला? काय कळलं नाही? वाचून झाल्यावर कोणती वस्तू किंवा कोणतं वाक्य डोक्यात राहिलं? तिसऱ्याचं उत्तर जपून ठेवा. पुढचा तुकडा बहुधा त्यातूनच निघतो.

छापायला पाठवायची हौस आली तर दिवाळी अंक हे मराठीतलं मोठं दार आहे. १९०९ साली ‘मनोरंजन’ मासिकाने पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून ते उघडं आहे. पण दिवाळीत अंक बघून पाठवायला घेतलं तर वर्ष गेलं. मजकूर तीन-चार महिने आधी पोचायला हवा. पाठवण्याआधी त्या नियतकालिकाचा एखादा जुना अंक चाळा. विनोदी अंकाला गंभीर ललित पाठवण्यात दोघांचाही वेळ जातो. शब्दमर्यादा पाळा, युनिकोडमधली फाइल जोडा, सोबत पीडीएफ द्या, फाइलला ‘कथा-अंतिम-२’ असं न म्हणता आपलं नाव आणि शीर्षक द्या. सोबतचं पत्र चार ओळींचं: शीर्षक, शब्दसंख्या, अप्रकाशित असल्याची खात्री, संपर्क. फेसबुकवर टाकलेला मजकूर बरेच संपादक प्रकाशितच समजतात, तेव्हा काय तिथे टाकायचं आणि काय राखून ठेवायचं ते आधी ठरवा. एक मजकूर एका वेळी एकाच ठिकाणी. उत्तर न येणं हाच पुष्कळदा नकार असतो. अंक बाजारात आला आणि त्यात आपलं नाव नसलं की तो तुकडा पुन्हा तिसऱ्या फेरीतून काढायचा आणि दुसरीकडे पाठवायचा.